काचपेटीचा तळ

रंगीत माशांच्या दुकानात एका फळीवर लहान लहान बरण्यांची ओळ मांडलेली असते. प्रत्येक बरणीत ओंजळ-दोन ओंजळी पाणी आणि त्या पाण्यात एकच मासा. कोणी जांभळा, कोणी रक्तवर्ण, कोणी मोरपिशी. सर्वांचे पर मात्र रेशमी वस्त्राच्या झालरीसारखे लोंबणारे. हाच बेट्टा मासा. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतो, कारण दोन नर एका पाण्यात ठेवले तर ते एकमेकांवर तुटून पडतात. शाळकरी मुलगा साठवलेल्या पैशांतून असा एक मासा विकत घेतो आणि मग खरेदीचा खरा सोहळा सुरू होतो. निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकचे ताडाचे झाड, एक चिमुकला किल्ला, दोन-चार शिंपले, जमल्यास मागे लावण्यास एक आरसा! घरी पोहोचेपर्यंत मासा विसरला जातो आणि पेटी सजवण्याचा उत्साह तेवढा उरतो.

पाहुणे येतात, कौतुक करतात. काही आठवड्यांनी माशाचे पर चिरलेले दिसतात, अंगावरचे तेज उतरते, तो तळाशी पडून राहू लागतो; आणि एके दिवशी बरणी रिकामी होते. घरातील वडील माणसे मुलाची समजूत घालतात, की ही जातच नाजूक, त्याला कोण काय करणार?

ही समजूत खरी नाही. बेट्टा नाजूक मुळीच नाही. त्याची मूळ भूमी थायलंड. तेथील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे, दलदली आणि संथ, उथळ ओहोळ यांत तो वाढत आला. अशा ठिकाणी उन्हाळ्यात पाणी आटते, तापते आणि त्यातील प्राणवायू कमी होतो. तरीही हा मासा तग धरतो, कारण कल्ल्यांखेरीज त्याला हवेतून श्वास घेण्याचे एक वेगळे इंद्रिय लाभले आहे. तो पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेतो. विदर्भातील मुलांना हे नवल वाटू नये. येथील तळ्यांतला मरळ आणि चिखलात राहणारा मागूर हेही हवेचा आधार घेणारेच मासे आहेत. चार्ल्स टेट रेगन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1910 साली बेट्ट्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ 'तेजस्वी' असा आहे. थाई लोक त्याला 'प्ला कट', म्हणजे चावणारा मासा, म्हणतात आणि 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

मात्र हा चिवटपणाच त्याच्या जिवावर उठला आहे. तो बरणीत चार दिवस जगलेला दिसतो, म्हणून त्याला कसेही ठेवले तरी चालते, असा समज रूढ झाला. वस्तुतः चार दिवस जगणे निराळे आणि नीट निगा राखल्यास तो ज्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्याचा धनी होतो, ते निराळे. शिवाय दुकानातील बेट्ट्याचे लांब पर निसर्गाने दिलेले नाहीत. रानातला बेट्टा आखूड परांचा आणि मळकट रंगाचा असतो. ही झालर माणसाने निवडून निवडून, पिढ्यान् पिढ्या पैदास करून त्याच्या अंगावर चढवली. ती कोठे अडकू नये, फाटू नये, ही जबाबदारीही मग माणसाचीच ठरते.

मत्स्यपेटीतील सजावटीचा विचार येथून सुरू झाला पाहिजे. पाहणाऱ्याच्या दृष्टीने जी शोभा, ती माशाच्या दृष्टीने त्याची जमीन, भिंत आणि आडोसा असते. माणूस पेटीसमोरून पाच मिनिटांत उठून जातो. मासा रात्रंदिवस तिच्यात राहतो. त्यामुळे पेटीत काय ठेवावे, याचा निर्णय माशाच्या सोयीनेच व्हावयास हवा. पंधरा-वीस लिटर पाणी मावेल अशी पेटी, वर हवेला वाट असलेले झाकण आणि पृष्ठभागाचा बराच भाग मोकळा, एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो तो तळाचा.

या बाबतीत यवतमाळ जिल्हा मोठा बोलका आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले. त्यांतून हा पाषाण झाला. 2021 साली याच जिल्ह्यात शिबला-पार्डी परिसरात रस्त्याच्या कामात जमिनीखालून षट्कोनी खांबांसारखे दगड उघडे पडले, तेव्हा ते एखाद्या प्राचीन मंदिराचे अवशेष असावेत असे अनेकांना वाटले. ते होते थंड होताना तडकलेल्या लाव्ह्याचे खांब! जिल्ह्याच्या पूर्वेस, वणीकडे मात्र भूमीचे रूप पालटते. तेथे कोळसा आहे आणि चुनखडीचे थर आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यातील दोन गावांच्या नाल्यांतून दोन मुलांनी दोन दगड उचलले, तर एक दगड माशाला निर्धोक आणि दुसरा घातक असू शकतो; आणि दिसण्यात तर चुनखडीचा गुळगुळीत, फिकट दगडच कदाचित अधिक देखणा असेल.

काळा पाषाण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुनखडी हळूहळू विरघळते, पाणी जड करते आणि त्याचा क्षारधर्म वाढवते. विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक गावांत आधीच जड असते. थोड्या जड पाण्याची सवय बेट्ट्याला होते, पण ते पाणी एकसारखे राहिले तर. तळाला चुनखडी असली, म्हणजे पाणी दिवसेंदिवस जड होत जाते आणि पाणी बदलले, की एकदम पालटते. हा चढउतार माशाला सोसत नाही.

मग काळा दगड डोळे मिटून घ्यावा काय? तसेही नाही. या पाषाणात पुष्कळदा पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक साचलेले असतात. त्यांतील काही निरुपद्रवी, तर काही चुन्याच्याच जातीचे. काळ्या जमिनीत चुन्याचे पांढरट खडे सापडतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तेच पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन नाल्याच्या वाळूत मिसळतात. गोगलगाईंचे शंख आणि शिंपल्यांचे तुकडेही त्या वाळूत असतात आणि तेही चुनाच. सुदैवाने याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. कोरडा, स्वच्छ धुतलेला दगड जरा खरवडावा आणि त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फसफस होऊन बुडबुडे आले, तर तो दगड पेटीत जाता कामा नये. वाळू असेल तर चमचाभर पेल्यात घेऊन त्यावर व्हिनेगर ओतावे आणि पेला कानाशी धरावा. बारीक चुरचुर ऐकू आली, की निकाल लागला. भूगर्भशास्त्राचा एवढा सोपा धडा क्वचितच मिळेल.

परीक्षेत उतरलेली बारीक वाळू साबण न लावता, निवळ पाणी येईपर्यंत पुन्हापुन्हा धुवावी आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. काहीजण तळाला काचेच्या गोट्या पसरतात. गोट्या चमकतात खऱ्या, परंतु त्यांच्यामधल्या फटींत माशाने न खाल्लेले अन्न उतरते, तेथे ते दिसत नाही आणि कुजते. कुजल्यावर अमोनिया तयार होतो आणि तो माशाच्या कल्ल्यांना भाजून काढतो. बारीक वाळूवर अन्न वरच राहते, ते काढून टाकता येते. वाळूच्या प्रत्येक कणावर सूक्ष्म जंतूंची वस्ती होते आणि ते जंतू अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये करतात. तळाची वाळू म्हणजे पेटीतील न दिसणारा झाडूवालाच होय. ती दर आठवड्याला उकळत्या पाण्याने धुऊन चकचकीत करणाऱ्या घरांत मासे का मरतात, हे आता सांगावयास नको.

निळ्या-गुलाबी खड्यांविषयी मतभेद होतील. त्यांचा रंग उडतो, पापुद्रे सुटतात, हे अनेक स्वस्त खड्यांच्या बाबतीत खरेच आहे. पण रंग पक्का असला, तरी ते खडे तेथे शोभत नाहीत. ज्या प्राण्याच्या अंगावर एवढे रंग आहेत, त्याच्याखाली आणखी भडक रंग पसरण्यात कोणती रसिकता? गडद वाळूवरून लाल बेट्टा सरकत गेला, की तो दिव्याच्या ज्योतीसारखा दिसतो. तोच मासा गुलाबी खड्यांवर हरवून जातो. मुलांची रंगांची हौस मारावी, असा याचा अर्थ नव्हे. ती हौस पुरवण्यास मासा पुरेसा आहे, एवढेच.

प्लास्टिकच्या झाडांची पाने कडेला करवतीसारखी असतात. त्यांच्यासाठी एक जुनी, झिरझिरीत ओढणी घ्यावी आणि ती वस्तूवरून सर्व बाजूंनी फिरवावी. जेथे धागा अडकला, तेथे पर फाटणार. किल्ल्याच्या खिडकीत मासा शिरतो आणि वळता न आल्याने अडकतो. आरसा तर क्रूरपणाच आहे. आपल्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून तो नर पर पसरून दिवसभर झुंजण्याच्या तयारीत राहतो आणि थकून जातो. तांब्याची तार, शिशाचे वजन, प्लास्टर ऑफ पॅरिसची रंगवलेली मूर्ती, यांतून पाण्यात जे उतरते ते माशाला बाधते. याउलट कुंभाराकडचे बिनरंगाचे लहान मडके आडवे ठेवले, अथवा नारळाची करवंटी उकळून, कडा घासून पालथी घातली, तर उत्तम गुहा होते. तिला खर्च जवळजवळ नाही. हेच कदाचित तिच्या वाट्याला उपेक्षा येण्याचे कारण असावे.

शाळांच्या अंगणात सावलीसाठी लावलेले देशी बदामाचे झाड पुष्कळांनी पाहिले असेल. त्याची आपोआप गळलेली, वाळून तपकिरी झालेली पाने आग्नेय आशियातील बेट्टापालक फार पूर्वीपासून पाण्यात घालीत आले आहेत. त्या पानांतील टॅनिन पाण्यात उतरून पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. भातखाचरातील कुजक्या पानांचे पाणीही असेच असते. पाहुणे मात्र 'पाणी घाण झाले आहे' असे म्हणतात. येथे पेटीच्या मालकाची खरी कसोटी लागते. पाहुण्यांच्या एका वाक्यासाठी पान काढून टाकायचे, की त्यांना ते पान कशासाठी आहे हे सांगायचे?

पाने आणि वाळू कोठून आणावीत, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात विशेष गंभीर आहे. हा कापसाचा प्रदेश. 2017 साली येथे कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जे विष धडधाकट माणसाचा प्राण घेऊ शकते, त्याचा अंश पेटीतल्या चिमुकल्या जिवाला पुरेसा आहे. म्हणून फवारणी होत असलेल्या शेताच्या बांधावरचे पान किंवा त्या शेतातून वाहणाऱ्या नाल्याची वाळू, दिसावयास कितीही स्वच्छ असली तरी, घेऊ नये.

एका काचपेटीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तळ्यांची हकीकत येथे आठवण्याजोगी आहे. त्या तळ्यांत बेशरमाची झुडपे माजली, मूळच्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या आणि देशी मासेही रोडावले. तेव्हा ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली आणि तळ्याच्या बुडाशी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या देशी वनस्पती स्वतःच्या हातांनी लावल्या. आडोसा आणि अंडी घालण्याची जागा मिळताच देशी मासे पुन्हा वाढू लागले. त्या लोकांनी आधी तळ सुधारला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पेटीतही हायड्रिलाची एखादी फांदी, चांगली धुऊन आणि काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून मग लावली, तर ती किल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

अशा पेटीत पहिल्या दिवशी काहीच घडत नाही. मासा करवंटीच्या आत दडून बसतो आणि मुलगा हिरमुसतो. हळूहळू तो बाहेर येतो, वाळूवरून फिरतो, पृष्ठभागाजवळच्या रुंद पानावर अंग टेकून विसावतो. मग एखाद्या सकाळी पाण्यावर तरंगणाऱ्या बदामाच्या पानाखाली बारीक बुडबुड्यांचा पांढरा पुंजका दिसतो. नर मासा वर येऊन हवेचा घोट घेतो, तोंडातील लाळेत गुंडाळलेला एकेक बुडबुडा त्या पुंजक्याला जोडतो आणि पुन्हा वळतो. ते त्याचे घरटे असते.