गेममधली डॉज आणि कुर्ल्याची डॉज

१/ शनिवार पेठेच्या बोळांत चारचाकी वळवणे ही कसरतच. तिथल्याच तरुणांना मात्र रेसिंग गेममधल्या डॉज चार्जर, प्लिमथ बाराकुडा, कॉर्व्हेट आणि मस्टँग यांची इंजिने तोंडपाठ असतात. गेमचे हे श्रेय मान्य करायला हवे. परंतु या गाड्यांच्या इतिहासाचा एक धागा मुंबईत येतो आणि तो कोणताही गेम सांगत नाही.

२/ प्रथम त्या गाड्यांविषयी. कॉर्व्हेट १९५३ साली अवतरली. पहिल्या वर्षी केवळ ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. रूप स्पोर्ट्स कारचे, पण इंजिन सहा सिलिंडरचे आणि गिअर दोनच. व्ही-८ इंजिन तिला १९५५ मध्ये मिळाले. एप्रिल १९६४ मध्ये बाराकुडा आणि मस्टँग थोड्याच दिवसांच्या अंतराने आल्या; चार्जर १९६६ ची. १९७३ च्या तेलसंकटाने हे वेगाचे पर्व ओसरले.

३/ यांतली डॉज आणि प्लिमथ ही नावे क्रायस्लर कंपनीची. हीच नावे मिरवणाऱ्या गाड्या कुर्ल्यातही तयार होत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

४/ जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासूनच गाड्या जोडत होती. पण सुटे भाग परदेशी. गाडी देशातच घडावी, हा वालचंदांचा आग्रह होता. युद्धकाळात इंग्रज सरकारने त्यांना साथ दिली नाही. १९५३ साली टॅरिफ कमिशनने देशी उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव देण्याची शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला; प्रीमियर टिकली. वालचंद त्याच वर्षी निवर्तले.

५/ कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथ शर्यतीच्या गाड्या नव्हत्या, त्या चार दरवाजांच्या धीरगंभीर सेडान होत्या. म्हणूनच त्यांना गेममध्ये जागा नाही. अमेरिकेत प्रश्न वेगाचा होता. इथे प्रश्न होता तो गाडीचा किती भाग आपल्या हातांनी घडवता येईल, हा. इतिहासाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न कमी थरारक मुळीच नाही.

६/ १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील इमारती भस्मसात झाल्या, तरी तट, दरवाजे आणि जोती उरली. त्यावरून महालांचा अंदाज बांधता येतो. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज नव्या इमारती आहेत. तिथे वाचण्याजोगे जोतेही नाही. तिथला इतिहास उरला असेल तर तो कागदांत.

७/ पुण्याला कागदांचे मोल शिकवावे लागू नये. वि. का. राजवाड्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळली, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मग मोडीतल्या पत्राला जपणाऱ्या घरानेच जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक, गॅरेजची बिले, कारखान्याचे ओळखपत्र रद्दीत का घालावे? यंत्रयुगाच्या अभ्यासकाला हीच अस्सल साधने आहेत.

८/ डेट्रॉइटच्या गाड्यांची स्मृती गेम बनवणाऱ्या कंपन्या जपतील. त्यात त्यांचा व्यापार आहे. कुर्ल्याची स्मृती जपण्यात कुणाचाच नफा नाही. ते काम इतिहासप्रेमींनाच करावे लागेल, आणि आरंभ घरच्या माळ्यावरून व्हावा. त्या कारखान्यात राबलेल्यांपैकी जे आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी टिपून घेण्यासही फारसा अवधी उरलेला नाही.