एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे

मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू आहे आणि इंटरनेट अचानक तुटते. गावी एकट्या राहणाऱ्या आईसाठी बसवलेला कॅमेरा मध्येच दिसेनासा होतो. कधी संगणकाच्या पडद्यावर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा संदेश येतो, तर कधी काहीच येत नाही. अशा वेळी सगळा दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. वास्तविक बिघाड घरातच असू शकतो आणि तो बिनखर्चात दुरुस्त होतो.

घरातील प्रत्येक संगणक, मोबाइल, टीव्ही यांना राउटर एकेक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा त्या उपकरणाचा घरातला पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. त्यामुळे शेजाऱ्यांकडे तोच क्रमांक असला तरी काही बिघडत नाही. एकाच घरात तो दोघांना मिळाला, की मात्र एकाचा निरोप दुसऱ्याच्या दारात जातो.

असे का होते? राउटर 'डीएचसीपी' पद्धतीने ठरावीक मुदतीसाठी पत्ते वाटतो व त्यांची नोंद ठेवतो. एखादा कारागीर प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरून गेला, तर राउटरकडे ती नोंद नसते. प्रिंटर बंद असताना तोच क्रमांक मोबाइलला दिला जातो आणि प्रिंटर सुरू करताच भांडण जुंपते. दुसरे कारण म्हणजे वरच्या मजल्यासाठी आणलेला दुसरा राउटर. मग एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात.

उपाय असे करा :

१. सर्व उपकरणे बंद करा. राउटर मिनिटभर बंद ठेवून सुरू करा व नंतर एकेक उपकरण लावा. ज्यामुळे तक्रार परतते, तिथे दोष शोधा.

२. संगणक व मोबाइलच्या सेटिंगमध्ये आयपी 'ऑटोमॅटिक' ठेवा.

३. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला कायमचा पत्ता हवा असल्यास तो राउटरमध्येच 'ॲड्रेस रिझर्वेशन' करून राखून ठेवा. ही सोय नसेल, तर राउटरचे वाटप १०० ते २०० एवढेच ठेवा व प्रिंटरला ५० सारखा बाहेरचा क्रमांक द्या.

४. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावा. तशी सोय नसल्यास त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला वाटपाबाहेरचा वेगळा पत्ता द्या आणि केबल दोन्हीकडे लॅनच्याच खाचेत जोडा.

घाईने राउटरमागचे 'रिसेट' बटण मात्र दाबून धरू नका. त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाते.

राखून ठेवलेले पत्ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी कारागीर आला, की आधी तो कागद त्याच्या हाती द्या.