'केमिकल-फ्री' लेट्यूस आणि लाल पडलेली पऱ्हाटी

हल्ली पुण्या-मुंबईत बाल्कनीत हायड्रोपॉनिक्सचा किट लावायची टूम आहे. लावा की, पालक-लेट्यूस झकास येतं. माझी हरकत आहे ती कँटीनमध्ये ऐकू येणाऱ्या एका वाक्याला: "आमचं सगळं केमिकल-फ्री." आणि त्याला जोडूनच, "नाहीतर ते विदर्भातले शेतकरी बघ, युरिया टाकून टाकून जमिनीची वाट लावली."

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, त्यामुळे हे जरा जास्त टोचतं. पण भावना बाजूला ठेवू आणि आधी बाटल्या उघडू.

किटसोबत ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात ना? साधारणपणे ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. बी मध्ये फॉस्फेट, पोटॅश, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर जस्त-बोरॉन वगैरे. दोन कशाला? तर घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट एकत्र आले की साका होऊन तळाशी बसतो, झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणजे साहेब, तुमचं लेट्यूस शंभर टक्के रासायनिक खतावर वाढलंय! माती नाही, शेण नाही, गांडूळ नाही. आणि त्यात वाईट काहीच नाही. मूळ नायट्रेट उचलतं. ते शेणखतातून सुटलं की पोत्यातून आलं, याची चौकशी ते करत बसत नाही.

फरक आहे तो मोजमापाचा. तुमच्याकडे मीटर आहे, तुम्ही पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवता, बिघडलं तर पाणी बदलता. यवतमाळच्या काळ्या जमिनीचा पीएच बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास, वर चुनखडी. तिथे टाकलेलं स्फुरद चुन्याला चिकटून बसतं. जस्त-लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. वर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. पाणी पावसाच्या मर्जीवर. या सिस्टीमला रिसेट बटण नाही.

आता 'लाल्या'. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोंडं भरायला लागली की पऱ्हाटीची पानं लाल पडतात. लोक त्याला रोग म्हणतात, पण बहुतेक वेळा तो रोग नसतोच. बोंडं पानांतला नत्र ओढून घेतात, मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री गार होतात, तुडतुडे असतील तर ते भर घालतात. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध बसलेला अणू मॅग्नेशियमचा, तो नसेल तर हिरवेपणा येणार कुठून? उपाय काय, तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून फवारायचं, आणि नत्र कमी असेल तर तोही द्यायचा. तीच ती, तुमच्या बी बाटलीतली पूड. पण एकदा 'रोग' म्हटलं की दुकानातून हातात पडतं ते 'औषध'.

आणि इथेच 'केमिकल' हा शब्द घात करतो. खत आणि कीटकनाशक एकाच टोपलीत! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ते कीटकनाशकाने गेले, खताने नाही. दोन्हींचा संबंध आहे, पण वेगळाच: नत्र जास्त झाला की झाड लुसलुशीत वाढतं, रस शोषणाऱ्या किडी तुटून पडतात आणि फवारण्या वाढतात.

मग नत्र जास्त का पडतो? शेतकरी अडाणी म्हणून? किंमत बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. डीएपीची ५० किलोची १३५० रुपयांना. २०१० मध्ये सरकारने स्फुरद-पालाशचं अनुदान अन्नद्रव्याच्या हिशेबाने ठरवलं, युरियाला मात्र त्यातून वगळलं. तुमच्या कंपनीत एकच सर्व्हर जवळजवळ फुकट मिळत असता तर तुम्ही सगळं त्यावरच चढवलं असतं की नाही?

"पण सेंद्रिय?" येतो. यवतमाळचेच सुभाष शर्मा, २०२५ ची पद्मश्री. पण त्यांच्या कामाचा गाभा पावसाचं पाणी शेतात मुरवणं आणि मातीत सेंद्रिय पदार्थ वाढवणं हा आहे, त्याला वर्षं लागतात. एका फटक्यात रासायनिक खत बंद करण्याचा प्रयोग श्रीलंकेने २०२१ मध्ये केला. भाताचं उत्पादन कोसळलं, तांदूळ आयात करावा लागला, आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली.

तेव्हा चिडायचंच असेल तर मोजमापाच्या नावाने चिडा. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यात १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली गोष्ट आहे. फक्त लाल्याच्या जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या या पत्रिकेच्या १२ रकान्यांत मॅग्नेशियम नाही.