सेवाधर्म आणि हिशेबाची वही

विश्वविद्यालयांत सार्वजनिक व परोपकारी संस्थांच्या व्यवस्थापनाचें शिक्षण द्यावें, अशी गोष्ट निघाली कीं आमच्यांतील कांहीं सुशिक्षितांच्या कपाळास आठ्या पडतात. ‘सेवा का कोठें शिकवितां येते? ती अंतःकरणांतच असावी लागते,’ असें ही मंडळी म्हणते. वाक्य कानाला गोड आहे. परंतु त्याच्या आडोशास आजवर पुष्कळ गबाळा कारभार सुखानें नांदला आहे.

त्यागाचे दाखले देणाऱ्यांस आम्ही त्यागाचाच दाखला देतों. नामदार गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. सभासद आजन्म सेवेचें व्रत घेई. पण तेवढ्यानें भागत नसे. त्यास आधीं पांच वर्षें शिक्षणांत घालवावीं लागत. पुढें १९३६ सालीं मुंबईंत समाजकार्याचें पदव्युत्तर विद्यालय निघालें. तेंच आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. ग्रामीण व्यवस्थापनासाठीं आणंद येथें १९७९ सालीं स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेव्हां हें कांहीं परवांचें खूळ नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, ‘व्यवस्थापनच शिकावयाचें, तर व्यापाराचें शिका, तेंच येथेंही चालेल.’ हा आक्षेप अधिक चतुर आणि म्हणूनच अधिक घातक आहे. दुकानांत पैसे देणारा व माल घेणारा एकच असतो. माल वाईट निघाला तर तो शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. अनाथाश्रमांत पैसे देतो एक आणि ताटांत पडेल तें मुकाट्यानें खातो दुसरा. त्या मुलास शेजारचें दुकान नाहीं. तेथें वरणास पाणी किती, हें नफ्याच्या आंकड्यावरून कसें कळणार? दाता संतुष्ट, विश्वस्त संतुष्ट आणि मूल मात्र अर्धपोटीं, असा कारभार वर्षानुवर्षें बिनबोभाट चालूं शकतो. त्याची परीक्षा कशी करावी, हें वेगळें शास्त्र आहे व तें वेगळेंच शिकलें पाहिजे.

त्याची निकड आतां वाढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें, ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास लावावे, असें ठरविलें. पैशाचा ओघ आला. पण त्याबरोबर दात्यास रुचेल तसा अहवाल सजविण्याची कलाही आली. विश्वविद्यालयें हीच कला शिकवूं लागलीं, तर त्यांच्या पदव्या जाळाव्या, असें आम्ही म्हणूं. विद्यार्थ्यास विश्वस्तांचा कायदा व जमाखर्च येऊं द्या. पण एखादें वर्ष त्यास आश्रमाच्या कोठीघरांत आणि तालुक्याच्या कचेरींतील रांगेंतही काढावयास लावा.

पदवीनें करुणा येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण नुसत्या करुणेनें हिशेबही जुळत नाहीं. आणि त्या न जुळलेल्या हिशेबाची भरपाई नेहमीं ताटावर बसलेलें मूलच करितें.