गिरण्यांची जमीन आणि विक्रीचा हिशेब

लोअर परळ येथील मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे साडेसतरा एकर जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये डीएलएफला ७०२ कोटी रुपयांना विकली. २०१२ मध्ये लोढा समूहाने तीच जमीन २,७२७ कोटींना विकत घेतली. सात वर्षांत किंमत जवळजवळ चौपट झाली. वाढीतला वाटा मात्र मूळ विक्रेत्याला, म्हणजे सरकारला मिळाला नाही.

बंद गिरण्या विकण्यात मुळात काही वावगे नव्हते. महामंडळाला कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी आणि उरलेल्या गिरण्यांच्या आधुनिकीकरणासाठी पैसा हवा होता. निविदा मागवल्या गेल्या, सर्वाधिक बोली स्वीकारली गेली. नियमाला धरूनच सारे झाले, असे म्हणता येईल.

परंतु नियमच मधल्या काळात बदलला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी ढोबळ वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकामविरहित जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात अशी जमीन असणार तरी किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला प्रतिकूल निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला आणि विक्रीही वैध ठरवली. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. शहराचा मिटला नाही. जमीन केंद्राच्या महामंडळाची, नियम राज्याचा आणि गरज मुंबईची, अशा स्थितीत मुंबईची बाजू मांडणारा व्यवहाराच्या मेजावर कोणी नव्हता.

सरकारने ठरवले तर जमीन राखता येते, हे दादरच्या इंदू मिलने दाखवले. तेथील साडेबारा एकर जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्यात आली. अर्थात त्यासाठी मोठा लोकरेटा लागला. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत तर राज्य सरकारनेच १,६०१ कोटींना घेण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये केंद्राने त्यास मान्यता दिली.

सरकारी जमिनींतून पैसा उभारण्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२२ मध्ये मंजुरी दिली. ब्रिटनमध्ये सरकारी जमीन विकताना पुढील वाढीव किमतीत सरकारचा हिस्सा राखणारी अट करारात घालण्याची पद्धत आहे. निदान एवढी अट आपल्याकडील प्रत्येक विक्रीत असावी आणि निविदा निघण्यापूर्वी संबंधित महापालिकेचे म्हणणे लेखी नोंदवले जावे.