गोळी दिली, जबाबदारी संपली?

हिवतापाकडे आपली आरोग्ययंत्रणा प्रामुख्याने आकड्यांच्या नजरेने पाहते. रक्तनमुने किती घेतले, रुग्ण किती सापडले, गोळ्या किती वाटल्या, हे तक्त्यात काटेकोरपणे भरले जाते. परंतु वाटलेली गोळी रुग्णाच्या पोटात गेल्यावर पुढे काय झाले, याची विचारणा सहसा होत नाही. प्रायमाक्विन या औषधाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. बुलढाणा जिल्ह्यातील, विशेषतः जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या सातपुड्यातील वस्त्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

प्रथम या औषधाची गरज स्पष्ट केली पाहिजे. ‘व्हायवॅक्स’ जातीच्या हिवतापात क्लोरोक्विनने रक्तातील जंतू मरतात, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. मात्र काही जंतू यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. हे दडलेले जंतू मारण्यासाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची भिस्त प्रायमाक्विनवर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय औषधधोरणानुसार प्रौढ रुग्णाने साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, याप्रमाणे १४ दिवस घ्यावयाच्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचून ठेवणारा रुग्ण त्या आजाराला पुन्हा आमंत्रण देतो. तेव्हा हे औषध वाईट आहे असा प्रचार कोणी करू नये. बहुसंख्य माणसांना ते चालते, आणि उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतले तर पोटदुखी व मळमळही बरीच टळते.

परंतु काही माणसांच्या शरीरात ‘जी६पीडी’ या विकराची जन्मजात उणीव असते. हा विकर रक्तातील तांबड्या पेशींचे संरक्षण करतो. ज्यांच्यात तो कमी आहे, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनमुळे भराभर फुटू लागतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते, पोट दुखते. औषध तत्काळ थांबवले नाही तर प्राणावर बेतू शकते. ही उणीव एक्स गुणसूत्रातून येत असल्यामुळे पुरुषांमध्ये ती अधिक तीव्रतेने दिसते. स्त्रियाही तिच्यापासून मुक्त नाहीत. याखेरीज गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील मुले यांना हे औषध देऊच नये, असा स्पष्ट नियम आहे.

हे ज्ञान नवे नाही, आणि ते मिळाले कसे हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात १९४४ पासून कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग झाले. त्यांतील काही कैद्यांचे, विशेषतः कृष्णवर्णीयांचे, रक्त प्रायमाक्विनने फुटते असे आढळले, आणि १९५६ साली त्याचे कारण म्हणून या विकराची उणीव सिद्ध झाली. भारतात या उणिवेची नोंद १९६३ साली मुंबईत पारशी समाजाच्या तपासणीतून झाली. पुढे अनेक आदिवासी जमातींतही ती कमीअधिक प्रमाणात आढळली. ज्या ज्ञानाची किंमत बंदिवानांनी आपल्या रक्ताने मोजली, ते ज्ञान सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचविण्यास आपल्या व्यवस्थेला सहा दशके अपुरी पडावीत काय?

राष्ट्रीय धोरणात धोक्याची सूचना आहे. लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले, धाप लागली तर रुग्णाने गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे यावे, असे त्यात सांगितले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की जिथे रक्ततपासणीची सोय नाही तिथे राखणदारीचे काम रुग्णावरच येऊन पडते. पण त्याला हे सांगणार कोण, आणि कोणत्या भाषेत? याच डोंगरपट्ट्यात कोरकू, भिलाला आणि निहाल समाज राहतात. निहाली ही भाषा तर जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते न सांगणारी. औषधाच्या वेष्टनावर इंग्रजीत छापलेली बारीक अक्षरे अशा घरात काय उजेड पाडणार? आणि पाडले जरी, तरी ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेला मजूर चौथ्या दिवशी कोणत्या डॉक्टरकडे धावणार?

धोका वर जाणवला नाही तर तो खाली ढकलला जातो, याचा अनुभव २०२० साली साऱ्या देशाने घेतला. कोरोनाच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवतापाचेच औषध आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारस मार्च २०२० मध्ये झाली. एप्रिलमध्ये धारावी-वरळीच्या वस्त्यांत ते सरसकट वाटण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि आक्षेपांनंतर बारगळला. जी६पीडीची उणीव असलेल्यांना व हृदयाच्या ठोक्यांचे विकार असलेल्यांना ते देऊ नये, हे मे महिन्याच्या सुधारित सूचनेत सांगितले गेले. जूनमध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतून कोरोनावर त्याचा उपयोग नसल्याचे दिसून आले. आधी गोळी आणि मागाहून सावधगिरी, हा क्रम गरिबांच्या वस्तीतच कसा सुचतो, याचा विचार झाला पाहिजे.

दुष्परिणामांची चर्चा केली तर लोक औषधच सोडतील, असा युक्तिवाद काही अधिकारी करतात. तो मानण्याचे कारण नाही. ज्याला आधी काहीच सांगितले नाही, तो लघवीचा रंग पाहून घाबरतो, गोळ्या फेकतो आणि पुढे आरोग्यसेविकेला दारातही उभे करीत नाही. ज्याला खुणा ठाऊक आहेत, तो वेळेवर थांबतो आणि वेळेवर येतो. विश्वास माहितीतून निर्माण होतो, लपवाछपवीतून नव्हे.

हिवताप हटविण्याची घाई करून पाहण्याचा अनुभवही देशाला आहे. १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली आणि यंत्रणा सैल पडली. १९७६ साली तीच संख्या ६४ लाखांवर गेली. आता २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली वा मुंबईच्या मानाने बुलढाण्यात हिवतापाचे रुग्ण थोडे आहेत. थोडे आहेत म्हणूनच प्रत्येक रुग्णाची तपासणी आणि पाठपुरावा येथे सहज शक्य आहे. रुग्ण थोडे, म्हणून लक्षही थोडे, हा हिशेब उलटा आहे.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सातपुडा पट्ट्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जी६पीडी तपासणीची सोय हवी. २०२३ पासून आदिवासी भागांत सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे. त्याच वेळी ही तपासणी करून निष्कर्ष त्याच ओळखपत्रावर लिहिता येईल. उणीव असलेल्यांसाठी वैद्यकीय देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी वेगळी पद्धत उपलब्ध आहे. तिची व्यवस्था व्हावी. उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात आशा कार्यकर्तीने घरी जाऊन रुग्णाची लघवी व डोळे यांची चौकशी करावी आणि त्या भेटींचा रास्त मोबदला तिला मिळावा. रक्तनमुन्यामागे १५ रुपये आणि पूर्ण उपचारामागे ७५ रुपये, अशा दराने तिची वर्षानुवर्षे बोळवण झाली. २०२३-२४ मध्ये तिला संपावर जावे लागले, ते उगाच नव्हे. दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. त्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिला जावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे असे नाही. गावसभेत, बाजाराच्या दिवशी, मजुरांच्या टोळ्या निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगता येतील: चिठ्ठीवाचून हिवतापाचे औषध घेऊ नका, जेवूनच घ्या आणि पूर्ण घ्या, गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, कारण क्लोरोक्विनच्या थोड्या जादा गोळ्याही लहान मुलाचा जीव घेऊ शकतात, आणि लघवी काळी दिसली तर प्रायमाक्विन थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध मिळणे हा जसा नागरिकाचा हक्क आहे, तसाच ते आपल्याला मानवते की नाही हे आधी कळणे, हाही त्याचा हक्क आहे.