साखळी, चेंडू आणि काळाचा देव

मिथक नव्या माध्यमात शिरले की त्याचा प्राण जातो आणि उरते ती केवळ वेशभूषा, अशी एक समजूत आपल्या समीक्षाव्यवहारात चांगलीच रुजलेली आहे. चित्रपट, मालिका, चित्रकथा यांविषयी ती दबक्या आवाजात बोलली जाते. व्हिडिओ गेमविषयी मात्र ती बोलण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. ज्या खेळात देवतेला वजन, उंची आणि अनुक्रमांक असतो, तेथे मिथकाची चर्चा कसली करायची, असा एकूण सूर असतो. या समजुतीशी आमचा वाद आहे. माध्यमाची वकिली करण्याचे आम्हांस कारण नाही. मिथक मेले की जगले याचा निर्णय माध्यमावरून होत नाही, तो प्रत्येक संहितेपाशी स्वतंत्रपणे करावा लागतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी आम्ही 'पोकेमॉन' या जपानी खेळमालिकेतील डियाल्गा हा काळावर सत्ता चालवणारा ड्रॅगन घेतो आहोत. एकाच देवतेविषयी या मालिकेने 2006, 2007 आणि 2022 या वर्षांत तीन भिन्न कथा सांगितल्या, आणि त्या तिन्हींची योग्यता सारखी नाही.

प्रथम थोडी ओळख. पोकेमॉन मालिकेचा आरंभ 1996 सालचा. नाना शक्ती असलेले प्राणी रानावनांत हिंडून पकडावेत, त्यांना वाढवावे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवावे, हा तिचा मूळ साचा. पकडण्याचे साधन म्हणजे एक चेंडू. तो फेकला की प्राणी त्यात बंदिस्त होतो. 28 सप्टेंबर 2006 रोजी जपानमध्ये 'डायमंड' आणि 'पर्ल' ही जोडसंहिता प्रसिद्ध झाली. तिची भूमी सिन्नो. ती जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर बेतलेली आहे. या भूमीच्या ग्रंथालयांत, भग्न मंदिरांत आणि वृद्धांच्या तोंडी एक सृष्टिकथा विखुरलेली आहे. आरंभी केवळ गोंधळ होता. त्यातून एक अंडे आणि अंड्यातून आद्य जीव उपजला. त्याने स्वतःपासून दोघांना निर्माण केले, तेव्हा काळ फिरू लागला आणि अवकाश पसरू लागला. मग आणखी तिघे आले आणि ज्ञान, भावना व इच्छाशक्ती जगात अवतरली. हिरण्यगर्भाची कल्पना परिचित असलेल्या आपल्या वाचकास या कथेत परके असे फार थोडे वाटेल. काळ ज्याच्यामुळे फिरू लागला तो डियाल्गा: निळा, पोलादी कवचाचा, छातीवर हिरा मिरवणारा, 5.4 मीटर उंच, 683 किलो वजनाचा. अवकाश सांभाळणारा पाल्किया हा त्याचा जोडीदार.

या संहितेचा खलनायक सायरस (मूळ जपानीत आकागी) लुटारू नाही, सत्तालोभीही नाही. तो एक निराश तत्त्ववेत्ता आहे. जगातील सर्व कलहाचे मूळ मनुष्याच्या अंतःकरणात आहे, तेव्हा अंतःकरणच नसलेले नवे विश्व घडवावे, हा त्याचा संकल्प. त्यासाठी त्याला डियाल्गा हवा आहे. काळाच्या देवाला बांधण्यासाठी तो एक लाल साखळी तयार करतो. ही साखळी येते कोठून? ज्ञान, भावना आणि इच्छाशक्ती यांचे जे तीन रक्षक तळ्यांच्या तळाशी निजलेले आहेत, त्यांना पकडून, त्यांच्या अंगच्या स्फटिकांतून ती बळाने काढली जाते. म्हणजे भावना नष्ट करायला निघालेल्या माणसाला भावनेवाचून पहिले पाऊलही टाकता येत नाही. हा विरोधाभास कोणतेही पात्र उच्चारून दाखवत नाही. तो कथेच्या रचनेतच आहे. काळाला धरून ठेवणारी गोष्ट मनच, कारण मनाखेरीज काळाची जाणीव कोणाला होणार, असाही अर्थ त्यातून निघतो. लहान मुलांसाठी म्हणून रचलेल्या संहितेत ही प्रतिमायोजना आढळावी, हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

मात्र याच ठिकाणी संहिता डळमळते. भाला-स्तंभ म्हटल्या जाणाऱ्या पर्वतशिखरावरील भग्न स्थानी साखळीच्या योगे डियाल्गा प्रकट होतो, सायरसचा पराभव होतो, आणि नायक, म्हणजे खेळणारा, काय करतो? तो डियाल्गाला चेंडूत बंद करून आपल्या खिशात टाकू शकतो. खेळाची सारी मांडणी त्याला तसे करायलाच सुचवते. त्याच्याजवळचा सर्वोत्तम चेंडू, ज्यातून कोणताही प्राणी निसटत नाही, तो त्याला आधीच्या एका लढतीनंतर खुद्द सायरसने दिलेला आहे! बांधण्याचे निर्दोष साधन खलनायकाच्या हातून नायकाच्या हाती आले, आणि कथेला त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. साखळीने बांधणे हा अपराध. चेंडूत कोंडणे हा पराक्रम. दोहोंतील भेद कोणता? नायकाचे हेतू शुद्ध आहेत, असे उत्तर दिले जाईल. पण सायरसलाही आपले हेतू शुद्धच वाटत होते.

हा प्रश्न केवळ नीतीचा नाही, तो काळाविषयीच्या कथेचा आहे. काळाला हात लावणाऱ्या कथांचा एक जुना नियम आहे: किंमत मोजावी लागते. ययातीला तारुण्य परत मिळते ते पुरूच्या तारुण्याच्या मोलाने. जपानमधील उराशिमाची कथा याच जातीची आहे. तिचा उल्लेख 720 साली सिद्ध झालेल्या 'निहोन शोकी' या इतिवृत्तातही सापडतो. तिच्या पुढील काळातील रूपांत हा कोळी समुद्रतळीच्या ड्रॅगनराजाच्या महालात थोडा काळ सुखात राहतो, परततो तेव्हा गावी पिढ्यान्‌पिढ्या उलटून गेलेल्या असतात, आणि भेट मिळालेली पेटी उघडताच साचलेले सारे वय त्याच्यावर एकदम कोसळते. 2006 च्या खेळात अशी किंमत कोठेच नाही. उलट खेळणाऱ्याच्या हाती 'सेव्ह' करण्याची सोय आहे: डियाल्गासमोर उभे राहण्यापूर्वी खेळ जतन करावा, फसले तर यंत्र बंद करून त्याच क्षणी परत यावे, हवे तितक्या वेळा. त्या शिखरावर काळाचा खरा स्वामी खेळणाराच असतो. डियाल्गाच्या सर्वांत प्रबळ आघाताचे नाव 'काळाची गर्जना', आणि तो केल्यावर पुढची एक खेप त्याला निमूट उभे राहावे लागते. काळाच्या देवाला आपल्या शक्तीची किंमत एका खेपेने चुकवावी लागते. त्याला धरू पाहणाऱ्याला ती कधीच चुकवावी लागत नाही. या संहितेपुरता 'मिथक मेले' म्हणणाऱ्यांचा आक्षेप आम्हांस मान्य करावा लागतो.

परंतु अवघ्या एका वर्षाने, 2007 मध्ये, याच मालिकेच्या एका उपशाखेत 'मिस्टरी डंजन: एक्स्प्लोरर्स ऑफ टाइम' आणि 'एक्स्प्लोरर्स ऑफ डार्कनेस' ही जोडसंहिता आली. मुख्य मालिकेपेक्षा तिचा बोलबाला कमी. आमच्या मते योग्यता अधिक. येथे माणसांचे जग नाही, म्हणून चेंडूही नाही. सारे प्राणी बोलतात. नायक मूळचा मनुष्य आहे, स्मृती गमावून प्राण्याच्या देहात जागा झालेला. डियाल्गा एका मनोऱ्यात राहून काळाची गती सांभाळतो. मनोरा ढासळू लागतो तसतसे त्याचे भान सुटत जाते. मनोरा कोसळलाच तर काय होईल, हेही संहिता प्रत्यक्ष दाखवते: एक भविष्य, जेथे काळ थांबला आहे, वारा वाहत नाही, सूर्य उगवत नाही, आणि भानरहित झालेला डियाल्गा त्या गोठलेल्या जगाच्या रक्षणासाठीच मारेकरी धाडतो आहे.

त्या भविष्यातून ग्रोव्हाइल नावाचा प्राणी भूतकाळात आला आहे. काळाची चक्रे गोळा करून ती मनोऱ्यात बसवली तर अनर्थ टळेल, हे तो जाणतो. पण सारे त्याला चोर समजतात. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. अनर्थ टळला की ते भविष्य घडणारच नाही, आणि त्या भविष्यात जन्मलेले सारे, तो स्वतःही, नाहीसे होतील. नायकही त्याच भविष्यातून आलेला असतो. विस्मृतीमुळे त्याला हे उशिरा कळते. कळल्यावरही तो काम सोडत नाही, आणि जिवलग सोबत्याला शेवटपर्यंत सांगतही नाही. काळ पुन्हा वाहू लागतो. परतीच्या वाटेवर, सोबत्याच्या डोळ्यांदेखत, नायक विरून जातो. उराशिमाच्या कथेतली किंमत येथे परत आली आहे, आणि ती 'सेव्ह' करून टाळता येत नाही, कारण कथा पुढे नेण्याचा दुसरा मार्गच खेळणाऱ्यासमोर ठेवलेला नाही.

यानंतर जे घडते ते आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने कळीचे आहे. मागे राहिलेल्या सोबत्याचे दुःख डियाल्गा पाहतो आणि उपकाराची परतफेड म्हणून नायकाला जगात परत आणतो. यास कोणी गोड शेवटाची तडजोड म्हणेल. आम्हांस ते तसे वाटत नाही. सायरसने जे बळाने घेऊ पाहिले आणि 2006 च्या नायकाने चेंडूत भरले, ते येथे देव आपल्या इच्छेने देतो. डियाल्गाला प्रथमच स्वतःची इच्छा मिळते. देव कर्ता झाला की तो वस्तू राहत नाही. मिथकाचा जीव यातच असतो.

तिसरी संहिता जानेवारी 2022 मधील 'लेजंड्स: आर्सियस'. भूमी तीच, पण पूर्वकाळातील, हिसुई या जुन्या नावाची. तेथे डायमंड आणि पर्ल नावांचे दोन कुलगट आहेत: 'सर्वशक्तिमान सिन्नो' म्हणजे काळाचा देव असे एक मानतो, अवकाशाचा देव असे दुसरा. एकाच नावाच्या दोन अर्थांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हे वैर आपल्याकडील संप्रदायांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास बरेच काही सांगून जाईल. आम्हांस येथे एकाच तपशिलाकडे लक्ष वेधायचे आहे. लाल साखळी याही कथेत आहे. पण तळ्यांचे तिघे रक्षक तिच्यासाठीचे द्रव्य नायकाची परीक्षा घेऊन स्वतःहून देतात: एक नख, एक पीस, एक सुळा. पुढे याच साखळीपासून एक चेंडू घडवला जातो, आणि भान हरपलेला देव त्यात पकडला जातो. सोळा वर्षांपूर्वी ज्या दोन वस्तूंमधला भेद संहितेने गृहीत धरला होता, त्या आता एकाच द्रव्याच्या निघाल्या. मालिकेने आपल्याच जुन्या पेचाची दिलेली ही कबुली आहे असे आम्ही मानतो. ती अर्धीच आहे: रक्षकांची संमती घेतली गेली, देवाची नाही. तरीही बळाने घेतलेले आणि मागून मिळालेले यांतील फरक तिने जाणला, हे तिचे श्रेय.

तेव्हा 'खेळात मिथक मरते' हे विधान जितके पोकळ, तितकेच 'खेळ हेच आजचे पुराण' हे उत्साही विधानही पोकळ. दोहोंत संहिता वाचण्याचे कष्ट टाळलेले असतात. आमच्या वर्गांतील कितीतरी विद्यार्थी ययातीपूर्वी अशा खेळांतील देवतांना भेटलेले असतात, आणि त्या ओळखीची लाज बाळगायची असते हेही ते आमच्याकडूनच शिकतात. त्याऐवजी त्यांच्यापुढे दोन प्रश्न ठेवता येतील: या कथेत काळाला हात लावण्याची किंमत कोण मोजतो? आणि ज्याला हात लावला, त्याला कोणी विचारले होते का? हे प्रश्न डियाल्गापाशी नीट विचारता आले, तर ते पुरूपाशीही विचारता येतील. पुरूने होकार दिला होता, इतके मूळ कथा सांगते. पित्याने जे मागितले ते मागणे कसे होते, हे पाहण्यासाठी पुन्हा तिच्याकडे जावे लागेल.